पायाळूच्या घरातला घोटा

मी जन्मलो तो पायाकडून. डोकं शेवटी बाहेर आलं, आणि माझ्या आईच्या मते ते अजूनही मागेच आहे. पण पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात आणि आमच्या भागात पायाळूला मान असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक आली, की त्यानं सकाळी उपाशीपोटी पायाळूच्या दारात यायचं, पाठ करून उभं राहायचं, आणि पायाळूनं दुखत्या जागेवर तीनदा लाथ द्यायची. फार जोरात नाही, अगदी हळूही नाही. मग दुखणाऱ्यानं काही न बोलता, मागे वळून न पाहता निघून जायचं. घेणं नाही, देणं नाही, चहासुद्धा नाही.

आर्णीपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. पूर्वी आणखी एक पायाळू बाई होती, ती लग्न होऊन फुलसावंगीकडे गेली. तेव्हापासून आजूबाजूच्या सगळ्या कमरा माझ्या वाट्याला आल्या. चार वर्षांचा असताना आई मला कडेवर घ्यायची आणि माझा पाय धरून लोकांच्या पाठीला लावायची. पावसाळ्यात आभाळ गडगडलं की मला ओढून घरात घालायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. आज माझी छत्तिशी उलटली तरी ती दारातून हाका मारते.

सात-आठ वर्षांचा झालो तेव्हा मला या कामातली गोडी कळली. शाळेत एक गुरुजी होते, कान पिळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ऐन थंडीत त्यांना उसण भरली आणि ते एका सकाळी आमच्या अंगणात माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी दोन रीतसर दिल्या. तिसरी अशी दिली की ते दोन पावलं पुढे गेले. त्यांना वळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, नियमच तसा. चार दिवसांनी बरे होऊन आले आणि त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. लाथ मारून वर मान मिळावा अशी कामं जगात फार नसतील, मला एक जन्मतःच मिळालं होतं.

हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे माझ्या बहिणीचं जे झालं ते या गोडीतूनच झालं, म्हणून आधी सांगितलं.

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. डोक्याकडून, सरळ जन्मलेली, आणि तशीच सरळ वागणारी. बाबा गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. वावरात कापूस, सोयाबीन आणि तूर, ते आई बघायची. माझं आर्णीत दुचाकी दुरुस्तीचं दुकान. आणि बहीण धावायची. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, तेवढ्यासाठी ती चार वर्षं रोज पहाटे उठत होती. एकदा लेखी परीक्षेत थोडक्यात राहिली, एकदा तिच्या ऐन मैदानी चाचणीच्या आठवड्यात बाबा गेले. आता वयात बसायची ही शेवटची भरती होती. वणीकडून, राजूरच्या बाजूनं, एका माणसाची मागणी येऊन पडली होती. बायको वारलेली, दोन लेकरं, वय चाळिशीच्या पुढे. आईनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, या भरतीत लागलीस तर तुझं तू बघ, नाही लागलीस तर मी तिकडे होकार कळवणार. तिनं ते मान्य केलं. आपण लागणार याची तिला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती.

तूर निघाल्यावर मी तिला वावरात चारशे मीटरचा गोल आखून दिला. सायकलचं चाक फिरवून एक-एक फेरा मोजला. पण आमची जमीन काळी. होळी उलटली की तिला भेगा पडायला लागतात, हात घातला तर कोपरापर्यंत जावा अशा. बहीण रोज धावण्याआधी टोपलीनं माती टाकून त्या बुजवायची. एक भेग तुरीच्या भुसाखाली राहून गेली.

मी बांधावर मोबाइलमध्ये वेळ लावून उभा होतो. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत त्या भेगेत गेला. पाय जागच्या जागी राहिला आणि अंग वेगात असल्यामुळे दुसरीकडे फिरलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि दोन्ही हातांनी आपला पाय भेगेतून काढायला लागली. मी मोबाइल थांबवला, आणि वेळ किती झाली ती आधी पाहिली. मग तिच्याकडे गेलो.

आर्णीच्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, हाड सलामत आहे, लचक आहे. पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. बहिणीला गाडीवर बसवून मी परत आत गेलो तेव्हा त्यांनी मला वेगळं सांगितलं. सूज घोट्याला नाही, घोट्याच्या वर आहे, हे मला बरं दिसत नाही. पाय मुळीच टेकवू देऊ नका. पंधरा दिवसांत आराम पडला नाही तर यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे न्या आणि तिला उभं करून फोटो काढायला लावा. बसून काढलेल्या फोटोत हे कधीकधी दिसत नाही.

त्या भल्या माणसानं एवढं सगळं नीट सांगितलं आणि माझ्या कानात त्यातला एकच शब्द राहिला. लचक. तो शब्द माझा होता. लचक, उसण, चमक, ही माझी हद्द. तिथं दुसऱ्या कुणाचं काय काम?

घरी गेल्यावर आईनं पहिला प्रश्न तोच विचारला. हाड नाही ना मोडलं? नाही. लचकच ना? लचकच. मग ती म्हणाली, "घरात पायाळू हाय अन् दवाखाने कायले हिंडता?" यवतमाळचं मी बोललो नाही. विसरलो असं नाही. बोललो असतो तर माझ्या पायाचा उपयोग काय, हा प्रश्न आला असता.

लाथ पाठीवर द्यायची असते, पायावर कुणी दिल्याचं आम्हा कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बहिणीनं ते म्हणूनही पाहिलं. पण लचक ती लचक, पाठीची काय आणि पायाची काय, असा निकाल आईनं दिला आणि मी मान डोलावली. ती उभी राहू शकत नव्हती म्हणून तिला खाटेवर उताणं निजवलं आणि तिच्या पोटरीखाली लाकडी पाट ठेवला. तीन रविवार, दर रविवारी तीन लाथा.

पहिल्या रविवारी मी नुसता पाय लावला म्हणा. दुसऱ्या रविवारी थोडा दाबला. फरक पडेना. औषध लागू झालं नाही की मात्रा वाढवतात, एवढं मलाही ठाऊक होतं. तिसऱ्या रविवारी दोन नेहमीसारख्या दिल्या आणि तिसरीला टाच तिच्या घोट्याच्या वर, जिथं सूज होती तिथं ठेवली आणि अंगाचा भार टाकला. आत काहीतरी सरकलं. नट सैल झालेल्या जोडावर पाना लावला की हाताला जसं कळतं, तसं मला टाचेला कळलं. तिनं तोंडात टॉवेल धरला होता. तिच्या घशातून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. मी त्या वेळी डोळे मिटून घेतले होते. पुढे घरात विषय निघाला की मी हेच सांगत आलो.

लाथ देऊन झाल्यावर मी म्हणालो, गेली लचक. आणि मी म्हणालो म्हणून ती उठली.

तिचा माझ्यावर विश्वास होता, हे आज लिहितानाही मला सहन होत नाही. लहानपणापासून तिनं लोकांना वाकून येताना आणि ताठ जाताना पाहिलं होतं. चार दिवस ती भिंत धरून चालली, मग भिंत सोडली, मग दुखण्याच्या गोळ्या घेऊन धावायला लागली. टाच उचलून पुढे ढकलायची वेळ आली की पाय तिला दगा द्यायचा. जे आठशे मीटर ती तीन मिनिटांच्या आत पळायची, त्याला आता चारच्या वर लागायला लागली. मी बांधावर उभा राहून वेळ ओरडायचो. बैल बसला की त्याची शेपटी पिरगाळतात, मी तेच जिभेनं करत होतो. एकदा ती मध्येच बसली तेव्हा मी म्हणालो, "नाटक हाय सगळं. लगन कराचं हाय काय तुले त्या राजूरवाल्यासंग?" ती उठून पुन्हा धावली. त्या दिवशी तिचा बूट पायातून निघेना, शेवटी लेस कापावी लागली.

पायाळूची लाथ वाया गेली हे गावाला कळणं बरं नव्हतं, पण घरात तरी कारण लागत होतं. ते आईनं शोधून काढलं. तिनं बोटांवर दिवस मोजले आणि बहिणीला विचारलं, पहिल्या रविवारी तू बाहेरची होतीस ना? बहीण हो म्हणाली. झालं तर मग, विटाळात लाथ लागूच पडत नाही. आईनं ते असं सांगितलं की जणू कुणाचा दोष नाही, आणि तरी सगळा दोष तिचा झाला. मी ते कारण दोन्ही हातांनी घेतलं. दुकानात दिवसभर पाने फिरवताना मी मनाला तेच बजावत होतो, की तिनंच सांगायला हवं होतं.

मग एका सोमवारी ती आम्हा कुणाला न सांगता एसटीनं एकटी यवतमाळला गेली. दुपारी तिचा फोन आला. पाय कापायचा नाही, ऑपरेशन करायचं आहे, सही लागते, ये. एवढंच बोलली.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा एकदा तिची पोटरी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली. दाबली वर, आणि ती कळवळली खाली घोट्याजवळ. मग त्यांनी तिला उभं करून काढलेला फोटो काचेवर लावला आणि विचारलं, काय करता तुम्ही? दुचाकी दुरुस्ती, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग तुम्हाला लगेच कळेल, म्हणाले. सायकलचा पुढचा चिमटा असतो ना, ज्यात चाक बसतं? पायाची ही दोन लांब हाडं म्हणजे तो चिमटा, आणि घोट्याचं हाड त्यात बसलेलं चाक. ही दोन हाडं एकमेकांना ज्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात, त्या घोट्याच्या वर असतात. हिच्या त्या तुटल्यात. हाड एकही मोडलेलं नाही, पण चिमटा फाकलाय. साध्या मुरगळण्यात पट्ट्या खाली ताणतात आणि आरामानं बऱ्या होतात. ही वरची इजा वेगळी. वेळेवर आणली असती आणि पाय टेकवला नसता तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं, तेव्हा फट इतकी नसावी.

मला लगेच कळलं. आयुष्यात मी शेकडो चिमटे सरळ केलेत. चिमटा फाकलेला असताना चाक फिरवत राहिलं तर चाकाचं काय होतं हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगत असतो. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपण दुसऱ्यांना हसतो. मी तर इंजेक्शनसुद्धा लाथेनं दिलं होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात कुणी चोळलं, ओढलं, दाबलं का? भार पडल्यासारखं दिसतंय."

"नाही," मी म्हणालो.

बहीण तपासणीच्या पलंगावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही कुठं करायची ते दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. कमरेतून सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, ती जागी होती. उशिरा आणल्यामुळे दोन हाडांच्या मधे नको ती गाठीगाठीची साय जमली होती, ती आधी खरवडून काढावी लागली. मग हाडं जवळ आणून दोन स्क्रू आडवे आरपार बसवले. तिला वॉर्डात आणलं तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. मी विचारलं, कळत होतं का काही. ती म्हणाली, दुखलं नाही, पण आवाज येत होता. "तुह्या दुकानात येते तसाच, ड्रिलचा."

सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. गुडघ्याखाली प्लास्टर, उशीवर उंच ठेवलेला पाय, दोन कुबड्या. तिची खाट आम्ही पुढच्या खोलीत टाकली होती, म्हणून माझ्याकडे लाथ घ्यायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. पायाळूच्याच घरात पाय बांधून पडलेली पोरगी, लोक काय म्हणतील? आईनं बाहेर सांगितलं की ती गाडीवरून पडली. आणि माझं काम मागे गोठ्यात हलवलं. म्हणजे काम बंद केलं नाही. आज मला त्याचं नवल वाटतं, तेव्हा वाटलं नाही. सकाळी कुणीतरी मागच्या दारानं यायचं, शेणाच्या वासात पाठ करून उभं राहायचं, मी तीन द्यायचो. भिंतीच्या पलीकडे तिची खाट होती. हात धुऊन पुढे आलो की ती सामान्य ज्ञानाच्या पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, आज तिसरी जोरात होती.

तिनं मला शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. ती कुबड्या मागायची, पाणी मागायची, पुस्तक मागायची, आणि मी आणून दिलं की बरं म्हणायची. मी चिडायचो. प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती झाडूची काडी घालायची, ती मी एकदा हातातून हिसकावून मोडली आणि म्हणालो, जखम झाली तर पुन्हा माझ्याच नावानं रडशील. ती म्हणाली, तुझ्या नावानं मी कधी रडले? मी दुकानात निघून गेलो.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय ओळखू येईना. पोटरी मनगटाएवढी उरलेली, कातडी कोरडी, घोटा ताठ. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं, पाय उचलून अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो. ती रोज सकाळ-संध्याकाळ अख्खी मुळाक्षरं काढायची. ळ काढताना दुखायचं, तिथं थांबायची, दात दाबायची आणि पुन्हा ळ काढायची. मग अर्धा भार, मग पूर्ण भार, मग भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. चार महिन्यांनी स्क्रू काढले. ते तिनं मागून घेतले आणि माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर आणून ठेवले. ते अजून तिथंच आहेत, दोन्ही. गिऱ्हाइकं विचारतात, कोणत्या गाडीचे?

डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता हळूहळू पळायला सुरुवात करा, पण पूर्ण वेगात दोन महिने नाही. मैदानी चाचणीचं बोलावणं तीन आठवड्यांतच आलं.

या वेळी मी नको म्हणालो. पाय पुन्हा फाकेल, डॉक्टरचं ऐक, जीवाशी खेळू नको, जे सांगायला पाहिजे ते सगळं सांगितलं. शहाणपण मला उशिरा सुचतं, डोकं मागून आलंय ना. तिनं ऐकून घेतलं आणि बुटाची लेस ओवता ओवता म्हणाली, "तुनं सांगतलं तवा धावली. आता माह्या मनानं धावीन."

यवतमाळच्या मैदानावर नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मी फाटकाच्या सळ्या धरून उभा राहिलो. तिच्या तुकडीत वीसेक मुली होत्या. पहिला फेरा ती मधोमध होती आणि मी सळीला कपाळ टेकवलं. दुसऱ्या फेऱ्याला वळणावर, बरोबर वळणावर, तिच्या उजव्या पायाची टाच उचलेना. एकेक मुलगी पुढे गेली. ती थांबली नाही, चालायलाही लागली नाही, पाय ओढत ओढत पळत राहिली. सगळ्यात शेवटी आली. रेघ ओलांडल्यावर बाजूला खुर्चीवर बसलेल्या माणसानं घड्याळ पाहिलं, कागदावर लिहिलं आणि पुढच्या तुकडीला हाक मारली. किती गुण मिळाले ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

गाडीवर आम्ही आर्णीच्या रस्त्याला लागलो. निम्म्या वाटेवर तिनं खांद्याला हात लावून थांबायला सांगितलं. एका लिंबाखाली गाडी लावली. तिनं बूट काढला, मोजा काढला. घोटा सुजून पाव झाला होता. त्यावर हात फिरवत ती म्हणाली, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास आणि मी गप्प राहिले. का राहिले माहीत आहे? मी म्हणालो, माझी अब्रू जाऊ नये म्हणून. ती नाही म्हणाली.

"तुनं घरात सांगतलं, डोये मिटले होते म्हणून. मी उताणी निजून होती, भाऊ. मले तुहं तोंड दिसत होतं. तिसऱ्या लाथेले तू हासून राह्यलता." मग तिनं मोजा चढवला. "हे म्या डाक्टरले कसं सांगाव?"

मी म्हणालो, खोटं आहे. तिनं बूट घातला आणि मागे बसली. गाडीला किक मारली तेव्हा मला गुरुजी आठवले, दोन पावलं पुढे गेलेले, आणि त्या वेळी माझे गाल कसे ताणले होते ते आठवलं. ती खरं बोलत होती. मला माझ्या बहिणीचा राग नव्हता, वैर नव्हतं, जीव होता तिच्यावर. तरी मी हसलो होतो. पायाखाली माणूस कळवळला की मला बरं वाटतं, आणि त्याला सगळं गाव पुण्य म्हणतं.

घरी पोचलो तर अंगणात तांड्यावरची एक म्हातारी वाट पाहत बसली होती. कमरेत अशी वाकलेली की हनुवटी गुडघ्याला लागावी. सकाळपासून उपाशी होती, पायाळू येईस्तोवर पाणीही घ्यायला तयार नव्हती. आईनं बहिणीची चाल पाहिली, काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. राजूरला फोन करायला ती मोबाइल घेऊन आत गेली.

तांड्यावर आईला याडी म्हणतात. मी म्हातारीला म्हणालो, याडी, आज नाही, मी हे सोडलं. ती बिचारी हात जोडायला लागली. तेवढ्यात बहीण लंगडत पुढे आली. तिनं म्हातारीला काखेत हात घालून उभं केलं, तिची पाठ माझ्याकडे फिरवली आणि तिला समोरून खांद्यांना धरून ठेवलं. आता म्हातारीच्या डोक्यावरून ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

"दे, भाऊ," ती म्हणाली. "उपाशी हाय थे."

मी चप्पल काढली. पहिली दिली. दुसरी दिली. ओठ घट्ट मिटून धरले होते, दात एकमेकांवर दाबले होते. बहीण पापणीही हलवत नव्हती. तिसरी दिली तेव्हा म्हातारी ओय म्हणाली आणि मिटल्या ओठांआडून माझे गाल ताणले.

"पाय," बहीण म्हणाली. आमच्या बोलीत बघ म्हणायला हाच शब्द आहे.

म्हातारी मागे वळून न पाहता निघून गेली. चार दिवसांनी तिचा निरोप आला, कंबर मोकळी झाली म्हणून.